वाचकांचे प्रश्न : देवीच्या हातातलं म्हाळुंग, वाडीचा उंबर आणि दसऱ्याचं सोनं

अंबाबाईच्या हातात म्हाळुंग आहे म्हणतात. म्हणजे पपनसच का? घरी लावता येईल का? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

पपनस नव्हे. मूर्तीच्या उजवीकडच्या खालच्या हातात म्हाळुंग आणि वरच्या हातात गदा आहे. डावीकडे वरच्या हातात ढाल आणि खालच्या हातात पानपात्र आहे. पूजा बांधल्यावर यातलं बरंचसं साडी-दागिन्यांखाली झाकलं जातं, त्यामुळे दर्शनात ते नीट दिसत नाही. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीला जोडून वाचतात त्या प्राधानिक रहस्यात हाच क्रम आहे : ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’. मातुलुंग, मातुलिंग आणि बीजपूर ही तिन्ही म्हाळुंगाचीच नावं.

त्यातलं ‘बीजपूर’ नीट ध्यानात घ्या. म्हाळुंग उभं कापलं की आधी लागते जाडजूड पांढरी साल. ती गराला इतकी चिकटलेली असते की संत्र्यासारखी सोलता येत नाही. मध्ये लहान फोडी, रस बेताचा, बिया मात्र भरपूर. चवीचा विचार केला तर हे फळ कुणी देवीच्या हाती दिलं नसतं. सगळ्या सृष्टीचं बी जिच्या मुठीत आहे, तिच्या हातात बियांनी भरलेलं फळ, असा त्याचा अर्थ आहे. टीकाकारांनी त्याला कर्मफळांची रासही म्हटलं आहे. महागणपतीच्या ध्यानश्लोकाची सुरुवात ‘बीजापूरगदेक्षु’ अशीच होते. ज्यू लोक सुक्कोत सणात जे एत्रोग हातात धरतात, तेही म्हाळुंगच. तिकडे पारख इतकी कडक, की तयार फळाच्या टोकाचं बोंड मोडलं तर ते विधीला चालत नाही.

पपनस ओळखायचं तर पान बघा. पपनसाच्या देठाला रुंद पंख असतो, जणू मोठ्या पानाखाली एक छोटं पान. म्हाळुंगाचा देठ साधा असतो. फळ लांबट, खडबडीत, टोकाला बोंड; कळी बाहेरून जांभळट.

घरी लावायला बियांपेक्षा फाटा बरा, कारण बियांच्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षं लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, पक्क्या लाकडाची फांदी घ्या. खालची पानं काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. फाटा मरतो तो बहुतेक वेळा साचलेल्या पाण्यानं. काळ्या जमिनीत थेट खड्डा करून लावलात तर आपल्याकडच्या पावसात मुळं कुजणारच. फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. ती लिंबावरच्या फुलपाखराची. हातानं वेचून काढली की पुरे.

नृसिंहवाडीला औदुंबराचं एवढं महत्त्व, पण फळ फोडलं की आत किडे. प्रसाद म्हणून खावं का? आमच्या पाराचं झाडही वाळत चाललंय. (शिरोळ तालुका)

आपण उंबराचं फळ म्हणतो ती खरं तर तोंड मिटलेली पिशवी आहे. शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या अंगाला असतात. म्हणूनच एखादी गोष्ट दिसेनाशी झाली की तिला ‘उंबराचं फूल’ म्हणतात. तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख झडतात. ती आतल्या फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात. बिनपंखी नर बाहेरची वाट कोरून देतात आणि माद्या पराग घेऊन उडतात. ही माशी नसेल तर उंबराला बीच धरणार नाही. तेव्हा त्या किड्यांची किळस करू नका. खायचं असेल तर पूर्ण पिकलेलं, लाल झालेलं उंबर घ्या. दोन भाग करा, झटका आणि धुऊन खा.

गुरुचरित्राच्या 19 व्या अध्यायातली कथा ही : हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाची नखं विषानं पोळू लागली. लक्ष्मीनं उंबराची फळं आणली, नखं त्यांत रोवली आणि दाह शमला. वेदवाङ्मय त्याहून जुनं. तिथं ‘ऊर्ग्वा उदुम्बरः’ म्हणजे उंबर हीच ऊर्जा, अन्नाचं बळ. सोमयाग या वैदिक यज्ञाच्या मंडपातला औदुंबरी खांब याच लाकडाचा.

झाड वाळण्याचं कारण पारातच सापडेल. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशी आली, की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. बुंध्याभोवती निदान तीन फूट माती उघडी ठेवा. ओटा उंच करताना बुंधा मातीत पुरू नका, साल कुजते. कापूर आणि पणती खोडाला टेकवून लावली की साल भाजते. दिव्याला वेगळा कट्टा करा. गुंडाळलेले दोरे वर्षातून एकदा सोडवा, नाही तर वाढत्या खोडात ते रुततात.

श्रीफळ म्हणजे नारळ की बेल? आणि वाढवलेला नारळ नासका निघाला तर? (कसबा बावडा)

आज मराठीत श्रीफळ म्हणजे नारळ, पण अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ते बेलाचं नाव आहे. श्रीसूक्तही लक्ष्मीला सांगतं, ‘वनस्पतिस्तव वृक्षोऽथ बिल्वः’, तुझं झाड ते बेल. म्हणजे बेल केवळ शंकराचा नाही, आणि अंबाबाईच्या गावात तरी हे माहीत असायला हवं. नासक्या नारळाचा अपशकुनाशी काही संबंध नाही. करवंटीला तडा गेला किंवा तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याशी ओल राहिली, की बुरशी आत जाते. घेताना हलवून पाण्याचा आवाज ऐका आणि शेंडीखाली ओलसर किंवा बुरशीचा डाग नाही ना ते बघा. नासका निघालाच तर दुसरा वाढवा.

दसऱ्याला आपटा म्हणून कांचन मिळतो. फरक कसा ओळखावा? (राजारामपुरी)

आपट्याचं पान लहान, चामड्यासारखं जाड, लांबीपेक्षा रुंद असतं आणि दोन-तीन बोटांत मावतं. कांचनाचं पान तळव्याएवढं, पातळ. शेंगांवरूनही कळतं : कांचनाची वाळली की तडकन फुटते, आपट्याची न फुटता झाडावर लटकत राहते. गुरुदक्षिणेसाठी कौत्सानं रघुराजाकडे 14 कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या, ही कथा कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात आहे, पण तिथं सोनं रघूच्या कोशागारात पडतं. आपट्याचं झाड लोककथेनं आणलं. कोल्हापूरच्या दसरा चौकात मान शमीपूजनाचा, लुटतात ते आपट्याचं सोनं. फांद्या ओरबाडून आणू नका. आपट्याची वाढ सावकाश असते, आणि एका घराला एक डहाळी भरपूर होते.