आर्पेजिओ अडखळतायत? आधी अंगठा बघ
अरे, स्पीडचं टेन्शन आत्ताच नको घेऊस, तू जे लिहिलंयस ना की पियानोवर आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागोमाग एक) वाजवताना वरच्या सी ला जाताना दरवेळी धक्का बसतो, तो स्पीडचा नाही, अंगठ्याचा प्रॉब्लेम आहे. सी मेजर (सी-ई-जी) उजव्या हाताने 1-2-3-1-2-3-5 (बोटांचे नंबर, 1 म्हणजे अंगठा, 5 म्हणजे करंगळी) असं वाजवतोस ना, मग दुसऱ्या बोटाने ई दाबलास की लगेच अंगठा आत सरकवायला लाग, जी वाजून होईपर्यंत थांबलास तर मग कोपर बाहेर फेकून उडी मारावी लागते आणि तो सूर नको तेवढा जोरात येतो. माझं तर वर्षभर हेच चालू होतं, शेवटी फोनवर हाताचा व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं 😅

आणि अंगठा पार तळव्याखाली कोंबायचा नाही हं, मनगट दुखतं. थोडा आत घे, बाकी अंतर अख्खा हातच बाजूला सरकून कापतो. फास्टमध्ये तर जी आणि सी अगदी जोडलेले नसले तरी चालतं, ऐकणाऱ्याला कळत पण नाही.

प्रॅक्टिस म्हणशील तर आधी सी-ई-जी एकदम कॉर्डसारखे दाब, उचल, पुढच्या ऑक्टेव्हला (सप्तकात) तेच, म्हणजे हाताला जागा पाठ होते. मग फक्त जी-सी, जी-सी एवढंच दहा वेळा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 वर, एका ठोक्याला एक सूर. डावा हात वेगळा बसव, सी मेजरला 5-4-2-1 पण डी मेजरला बहुतेक जण 5-3-2-1 घेतात कारण मधे काळी पट्टी येते. दुखलं की तिथेच थांब.