असिस्टंटशिप कर्जाच्या हिशेबात धरू नका

(सांगलीच्या एका आईचा प्रश्न : मुलाला अमेरिकेत सिव्हिलच्या एमएसला ऑगस्टसाठी प्रवेश मिळालाय. बीईचा प्रोजेक्ट फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या) काँक्रीटवर होता. मित्र म्हणतात, तिकडे गेल्यावर असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायचं पगारी काम, मिळतेच. मग निम्मंच कर्ज काढलं तर चालेल का?)

ताई, निम्मं कर्ज काढू नका. आय-ट्वेंटीसाठी (व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रासाठी) पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो आणि ऑफर लेटर हातात नसेल तर असिस्टंटशिप त्यात धरत नाहीत. पीएचडीवाल्यांना ती बहुधा प्रवेशाबरोबरच मिळते, एमएसवाल्यांच्या वाट्याला उरलेल्या जागा. मित्र खोटं बोलत नसतील, पण ज्यांना मिळाली तेच सांगत सुटतात!

मिळाली तर मात्र मोठा आधार होतो. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसमध्ये पाव वेळेच्या, म्हणजे आठवड्याला साधारण 10 तासांच्या कामावरही ट्यूशन फी माफ होते, वर स्टायपेंड. पण तिथेही काही अभ्यासक्रम वगळलेले आहेत. म्हणून मुलाने आपल्या विद्यापीठाचा नियम आधी वाचावा.

आता ईमेल. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग' छापाचा एकच मजकूर शंभर प्राध्यापकांना पाठवण्यात काही अर्थ नाही. संशोधनातल्या जागांचा पगार बहुतेकदा प्राध्यापकांच्या अनुदानातून जातो. कुणाला कशासाठी आणि कधीपर्यंत अनुदान आहे, ते एनएसएफ या अमेरिकी सरकारच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. काँक्रीटवर काम करणारे, अनुदान अजून चालू असलेले चार-पाच जण निवडावेत. पहिल्या दोन ओळींतच लिहावं : सिमेंटच्या जागी किती टक्के फ्लाय ॲश घातली, 28 दिवसांनी क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) ताकद किती भरली, क्यूब चाचणीत स्वतः फोडले का. स्वतः फोडले असतील तर ते आवर्जून लिहावं. लॅबला असाच मुलगा हवा असतो.

आपल्याच विभागाच्या दारात बसून राहू नये. लायब्ररी, हॉस्टेलं सांभाळणारा विभाग, इंटरनॅशनल ऑफिस यांनाही पदव्युत्तर विद्यार्थी लागतात. जाहिराती विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर येतात. शिकवण्याच्या जागेसाठी इंग्रजी बोलण्याचे गुण वेगळे पाहतात, तेवढी तयारी आत्ताच करावी. आणि एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, तेव्हा 'दोन-दोन नोकऱ्या करेन' हा हिशेब सोडा.

कर्ज पूर्ण मंजूर करून घ्या, उचल मात्र सत्रागणिक घ्या. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. जानेवारीत असिस्टंटशिप मिळालीच, तर पुढची उचल तेवढी कमी करायला बँकेला सांगा.