उत्क्रांतीच्या कल्पनेवरून आखलेलं, निसर्गाला सांभाळणारं एखादं शहर खरंच कुठे आहे का?

आहे, पण अर्धवट. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या ओसाड माळावरचं आर्कोसांती. पाओलो सोलेरी या वास्तुविशारदाने ते १९७० साली बांधायला घेतलं. उत्क्रांतीत जीव जसजसा गुंतागुंतीचा होतो तसतसा आटोपशीरही होतो, मग शहरानेच जमीन खात का पसरावं, हा त्यांचा मुद्दा मला अगदी पटतो. आराखडा ५,००० माणसांचा होता. त्यातला थोडाच भाग उभा राहिला.

तरी तिथली ओतशाळा बघाच. दक्षिणेला तोंड केलेला, पुढून उघडा अर्धा घुमट. हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट आतपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर चढला की त्याच छताखाली गर्द सावली. त्या सावलीत कांशाच्या घंटा ओततात आणि त्यांच्या विक्रीतून गावाचा खर्च भागवायला हातभार लागतो.