नागपूरकर 'उन्नीस-बीस' म्हणतात त्याचा नेमका अर्थ काय? आणि एकोणीस-वीसच का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन साताऱ्याहून नागपूरला आलात. घरमालकांनी दोन खोल्या दाखवल्या आणि म्हणाले, "दोन्ही उन्नीस-बीसच आहेत, कोणतीही घ्या." दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने बजावलं, "रस्त्यात काही उन्नीस-बीस झालं तर मले बोलू नका." शब्द एकच, पण दोन्हीकडे अर्थ वेगळा वाटला, म्हणून तुम्ही विचारलंत. मी नागपूरच्या महाल भागात वाढलो आणि इतवारीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकलाय. सांगतो.

घरमालकांचा अर्थ मूळचा. फरक आहे, पण भाव करायच्या लायकीचा नाही. गॅरेजवाल्याचा अर्थ त्यातूनच निघाला: गोष्ट जशी असायला हवी तिच्यापेक्षा जराशी इकडेतिकडे झाली तर. हा 'जराशी' मात्र बोलण्यापुरता असतो. "उन्नीस-बीस झालं" म्हणणाऱ्याच्या मनात इंजिन बंद पडण्यापासून हातपाय मोडण्यापर्यंत काहीही असू शकतं. अशुभ तोंडाने उच्चारायचं नाही म्हणून आकड्यांवर भागवायचं. गॅरेजवाल्याला तुमच्या ब्रेकबद्दल पुन्हा एकदा विचारा, हे आपलं माझं मत.

आता आकडे. या वाक्प्रचारामागे कुणा राजाची किंवा दोन भावांची गोष्ट शोधू नका. आमच्याकडे अशा गोष्टी लगेच तयार होतात. इथल्या सीताबर्डी भागाचं नावही शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून पडलं असं सांगतात, ऐकायला छान वाटतं. 'उन्नीस-बीस'चा उगम मात्र त्या शब्दाच्या पोटातच आहे, फोडून पाहिला की दिसतो.

संस्कृतात अठरा म्हणजे अष्टादश, आठ आणि दहा. अकरापासून अठरापर्यंत सगळे दहावर उभे आहेत. एकोणिसाला मात्र भाषा तोंड फिरवते आणि वीसकडून मागे मोजते: एकोनविंशति, म्हणजे एक ऊन, एक कमी वीस. त्याचं मराठीत एकोणीस झालं. हिंदीचं उन्नीस हे ऊनविंशतिवरून, तिथे 'एक'सुद्धा गळालं आणि नुसतं 'कमी वीस' उरलं. म्हणजे मराठी-हिंदीत एकोणिसाला स्वतःचं नावच नाही. वीसचं नाव आणि त्याला लागलेलं उणं, एवढंच त्याचं भांडवल. हेच 'ऊन' आपल्या 'उणंदुणं काढणं'मध्ये आहे आणि 'तो काही कुणापेक्षा उणा नाही'मध्येही. सतरा-अठराची जोडी म्हणूनच जमली नसती. त्या दोघांना वीसची आठवणच नाही.

तुम्ही म्हणाल, मग एकोणतीस-तीस का नाही? तीही तशीच बनलीय की. बरोबर, पण तिसाचा गठ्ठा कुणी बांधत नसे. विसाचा बांधत. माझे आजोबा वीस नगांना कोडी म्हणत, लुगडी कोडीवर मोजत. धान्यात वीस मणांची एक खंडी. जमिनीत वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. उत्तरेकडे बिघ्याचे वीस बिस्वे, त्यामुळे हिंदीत 'बीस बिस्वे' म्हणजे पुरेपूर, शंकाच नको. ज्या बाजारात वीस म्हणजे भरलेलं माप, तिथे एकोणीस म्हणजे शिगेला एक कमी. गिऱ्हाईक कुरकुर करेल, पण माल परत पाठवणार नाही.

तुमच्या साताऱ्याकडेही हा वीस दडून बसलाय, बरं का. 'अठराविश्वे दारिद्र्य' म्हणता ना? त्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावतात. एक, विसापैकी अठरा हिस्से दारिद्र्यच. दुसरा, अठरा विसे तीनशेसाठ, म्हणजे वर्षाचे 360 दिवस तेच. मला दुसरा जास्त आवडतो, त्यात बिचाऱ्याला सणाचीही सुट्टी नाही. पण कोणताही घ्या, माप विसाचंच.

आणि मराठी असून हिंदीत का? नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, जबलपूर आणि रायपूर त्याच प्रांतात. कचेरी, बाजार, शेजार सगळीकडे हिंदी. म्हणून आम्ही जेवत नसतो, 'जेवून राहिलो' असतो, ते तुम्ही एव्हाना ऐकलंच असेल. 'एकोणीस-वीसचा फरक' असं मराठी रूपही चालतं, पण ते भाषणात शोभतं. दुकानात 'उन्नीस-बीस'च. पुण्याच्या पाहुण्यांना आम्ही अशुद्ध बोलतो असं वाटतं. वाटू द्या.

आता तुमच्याकडचा शब्द. तुम्ही विचारलंय की 'एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं' म्हणजे हेच का? हेच नाही, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे. झाकण्या-काढण्यात फरकच नाही. एक लपवला आणि दुसरा पुढे केला तर पाहणाऱ्याला कळणारही नाही की माणूस बदलला. आवळ्याजावळ्यांबद्दल कौतुकानं म्हणतात, पण बहुतेक वेळा दोघांची खोड काढायलाच. 'उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणारे' हाही त्याच गोत्रातला, फक्त तिथे जोडी नाही, ढीग आहे आणि निवडणारा कंटाळलाय. उन्नीस-बीस मात्र सारखेपणा सांगता सांगता हळूच एकाला वर बसवतो. दोन नावं घेतली की एक उन्नीस झालाच. हिंदीत सरळ 'उससे बीस है' म्हणतात, म्हणजे त्याच्यापेक्षा सरस.

हे मला दहाव्या वर्षी कळलं. दुकानात एक व्यापारी यायचे. त्यांनी माझ्या आणि थोरल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दोघंही पोरं उन्नीस-बीस." सगळे खूश. मी रात्री आजीला विचारलं, "मंग बीस कोण?" आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जो इचारत नाही तो." भाऊ शेजारीच बसला होता आणि त्याने खरोखरच काही विचारलं नव्हतं. त्याचं हसू मी अजून विसरलो नाही.

म्हणून एक सांगतो. वस्तूंबद्दल बिनधास्त वापरा: दोन दुकानांचा चिवडा, दोन रस्ते, दोन साड्या. माणसांबद्दल, त्यातही समोर बसलेल्या दोन जावांबद्दल किंवा दोन जावयांबद्दल म्हणाल तर आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवा. आणि विकणारा स्वतः 'उन्नीस-बीस' म्हणाला, तर बहुधा तुमच्या हातात उन्नीस असतो. आमच्या वडिलांच्या गल्ल्यावर बसून मीही हे केलंय. महाग कापडाचं थान संपलं की त्याच्या खालचं काढायचं आणि म्हणायचं, "उन्नीस-बीसच आहे, भाभीजी, धुतल्यावर कळत पण नाही." धुतल्यावरच कळायचं.

तर तुमच्या त्या दोन खोल्या. पुन्हा जाऊन बघा, पण दुपारी चारला. पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीला आहे ते पाहा, आणि कूलर बसेल अशी खिडकी कोणत्या खोलीला आहे तेही. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आत्ता ज्या खोल्या उन्नीस-बीस आहेत त्या तेव्हा उन्नीस आणि पन्नास होतील, आणि भाडं दोन्हीचं सारखंच राहील.