एकतर्फी निर्बंध आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतात का?

यूनोला न विचारता अमेरिकेनं एखाद्या देशावर निर्बंध लावले तर रूढीच्या नियमानं ते बेकायदेशीर ठरतात का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःचा व्यापार बंद केला एवढ्यानं नाही ठरत. दुसऱ्यांनाही बंद करायला लावला तर ठरायला पाहिजे असं माझं मत.

रूढीचा नियम म्हणजे आपल्याकडची बांधावरची वहिवाट समजा. कागदावर नसली तरी वर्षानुवर्षं सगळे त्याच वाटेनं गाडी नेतात, आणि शेजाऱ्याची मेहरबानी म्हणून नाही तर हक्क आहे म्हणून नेतात, हे दुसरं लई महत्त्वाचं. देशांचंही तसंच, वागणूक पण पाहिजे आणि कायदा म्हणून वागतोय ही भावना पण.

यूनोच्या सुरक्षा परिषदेनं यूनोच्या सनदेच्या कलम 41 खाली लावलेले निर्बंध सगळ्यांना बंधनकारक, तिथं वाद नाही. वाद एकट्यानं लावलेल्यांचा. 1985 ला अमेरिकेनं निकाराग्वाशी व्यापार तोडला, तर 1986 च्या निकालात हेगचं कोर्ट, म्हणजे यूनोचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणालं की एवढ्यानं दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचा रूढ नियम मोडला असं धरता येत नाही, पण दोघांतल्या 1956 च्या मैत्री कराराच्या विरोधात मात्र ते गेलं.

अमेरिकेची क्युबावरची व्यापारबंदी उठवा म्हणून यूनोची आमसभा 1992 पासून ठराव करते, 2024 ला तर 187 विरुद्ध 2 मतं पडली, मग नियम झालाच की, असं मला पण कॉलेजात वाटायचं. पण त्या 187 मधलेच युरोपवाले रशियावर स्वतःचे निर्बंध लावतात. हात एकीकडं वर आणि पाय दुसऱ्या वाटेनं, वहिवाट पडायची कशी?

दुसऱ्यांना बंद करायला लावायचं म्हणजे काय ते मी घरात बघितलंय. काकांची राजापुरी हळद सांगलीच्या मार्केट यार्डात जाते, घेणारा व्यापारी इराणला माल पाठवायचा. 2018 ला अमेरिकेनं इराणवर परत निर्बंध लावले, तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज म्हणाल्या होत्या की भारत फक्त यूनोचे निर्बंध मानतो. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला हेगच्या कोर्टानं 1955 च्या अमेरिका-इराण करारावरून अंतरिम आदेश दिला, औषधं, अन्न, शेतमाल आणि विमान सुरक्षेचे सुटे भाग इराणला जाण्यात अडथळा आणू नका म्हणून, आणि अमेरिकेनं त्याच दिवशी तो करारच संपवत असल्याचं जाहीर केलं. शेतमाल असं त्या आदेशात स्पष्ट आहे बघा. तरी व्यापाऱ्याच्या बँकेनं इराणचं पेमेंट घेतलं नाही, हळदीवर बंदी नसताना, फक्त डॉलरचे व्यवहार तुटतील या भीतीनं. युरोपनं असल्या परक्या निर्बंधांना आपल्या कंपन्यांनी जुमानू नये असा कायदा 1996 लाच केलाय, आपणही तसा करावा असं मला मनापासून वाटतं, कारण उघड विरोध नोंदवला नाही तर उद्या हीच वहिवाट होती म्हणून आपल्यालाच दाखवतील. काकांचे पैसे सात महिन्यांनी आले, तेही व्यापाऱ्यानं दुसरीकडून उचलून दिले.