नायिका कडवट वाटते, तर काय करावे?

पत्राचा सारांश: मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होते. बैठकांचे इतिवृत्त लिहिणे, पाहुण्यांच्या चहाचे बघणे ही कामे माझ्याच वाट्याला येत. माझ्या प्रयोगांवरच्या शोधनिबंधातून माझेच नाव वगळले गेले, तेव्हा मी काम सोडले. आता त्यावर कादंबरी लिहीत आहे. पण यजमान म्हणतात, नायिका कडवट वाटते, तिला जरा सोशिक कर. काय करू?

उत्तर: तिला सोशिक मुळीच करू नका. जिच्या कष्टांवर दुसऱ्यांनी नाव लावले, तिने हसतमुख राहावे ही अपेक्षा तुम्ही प्रयोगशाळेत पुरेशी सोसली आहे. तरीही यजमानांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. तुमच्या लांबलचक पत्रात अपमानांची नोंद बारकाईने आहे, पण तुमचे संशोधन नेमके कशावर होते, हे एका ओळीनेही कळत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे उदाहरण घ्या. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत, म्हणून पहिले वर्ष उमेदवारीचे, अशा अटीवर त्यांना घेण्यात आले. हा प्रसंग संतापजनक आहेच. पण तेवढ्यावर थांबलेल्या कादंबरीतून रामन कळतील, कमलाबाई कळणार नाहीत. त्यासाठी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांमागे लागलेली, पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींतले सायटोक्रोम-सी हे पेशींच्या श्वसनातले प्रथिन शोधणारी आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवणारी बाई दिसायला हवी. अशा बाईला दाराबाहेर ठेवण्यात काय गमावले जात होते, हे मग वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून नाव वगळल्याचा प्रसंग आहे तसाच तिखट राहू द्या; फक्त त्याआधी, तिचा प्रयोग पहिल्यांदा जमला ती रात्र लिहा. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नमुने वेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, समोरासमोरच्या नळ्या तोलून ठेवणारे हात, बर्फात ठेवलेले नमुने, पहाटे वहीत तारखेसह टिपलेला आकडा, हे सारे येऊ द्या. शोधनिबंधावरून नाव गेले तरी वहीतले अक्षर कुणाचे आहे, हे वाचकाला ठाऊक असेल. आपल्या काचसामानाला कुणी हात लावला की ती खेकसत असेल, तर खेकसू द्या. अन्याय झालेल्या बाईने निर्दोषही असावे, ही अट मला फार जाचक वाटते.

पुढचे प्रकरण यजमानांना लगेच दाखवू नका. त्या काळात तुमच्याबरोबर काम केलेली एखादी मैत्रीण असेल, तर तिला आधी वाचायला द्या, आणि प्रयोगाचे तपशील बरोबर आले आहेत का, एवढेच विचारा.