इंग्रजी घेतलंस, पण बोली सोडू नकोस

अगं, कॉलेजात इंग्रजी विषय घेतलास म्हणून घाबरू नको. मीही यवतमाळकडच्या खेड्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमातली. पहिल्या वर्षी वर्गात 'केळी'ला 'केयी' म्हणाले, तर एका सरांनी सगळ्यांसमोर अशुद्ध ठरवलं. खूप लागलं होतं मनाला. पुढे भाषाशास्त्र शिकले तेव्हा कळलं, ती चूक नव्हतीच. डोळा-डोया, काळा-काया, हा वऱ्हाडीचा नियम आहे. ग्रियर्सन या इंग्रजांच्या काळातल्या भाषा-अभ्यासकाच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचे नमुने आहेत, ग्रंथालयात मागून बघच.

ध्वनिशास्त्र पाठ करू नकोस, करून बघ. वहीचं पान ओठांसमोर धर. मोबाइलवर इंग्रज माणसाचं 'पिन' ऐक, अगदी तसंच म्हण, पान हलेल. मग 'स्पिन' म्हण, फारसं हलणार नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक जाणवतही नाही, कारण त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडे मात्र 'पळ' वेगळं आणि 'फळ' वेगळं. स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारा ध्वनी, काय असतो ते या एका पानात कळतं.

साहित्याच्या पेपरसाठी मूळ पुस्तक वाच, बाजारातल्या गाइडवर विसंबू नको.

आणि आपला विदर्भ केवढा श्रीमंत आहे बघ! गोंडी-कोलामी या भाषा द्रविड भाषाकुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा या वेगळ्याच भाषागटातली, बुलढाण्याकडची निहाली तर कुठल्याच कुळात बसत नाही. दिवाळीत घरी गेलीस की आजीची गोष्ट रेकॉर्ड कर. आधी तिला विचार मात्र.